नोंद आणि खबर

एखादा बदल करावयास जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो बदल ज्यांना बाधणार आहे त्यांना सांगण्यांत जातो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आमच्या शिरपूरच्या घरांत आज चार पिढ्यांचीं अकरा माणसें एका चुलीवर जेवतात. अशा घरांत दुधाचा रतीब कमी केला, किल्ल्यांची जागा बदलली, कीं मातोश्रींच्या रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनीं अर्धी केली, तर 'झालें' एवढें म्हणून भागत नाहीं. डॉक्टरांचा कागद फाइलींत लावला म्हणजे नोंद झाली. परंतु रात्रीं गोळी देणाऱ्या आमच्या सुनेला तें ठाऊक नसेल, तर ती नोंद असून नसल्यासारखीच. म्हणून आमच्या वहिनी भिंतीवरील कॅलेंडरावर ठळक अक्षरांत लिहितात, 'आजपासून आजींची गोळी अर्धी, चक्कर येते म्हणून.' या एका ओळींत तारीख, बदल आणि कारण हीं तिन्ही येतात. कागद ही नोंद. कॅलेंडरावरील ओळ ही खबर. या दोहोंतील अंतर लहान दिसतें, पण आजचा आमचा सगळा विषय त्या अंतरांतच सामावलेला आहे.

हा विचार आम्हांस सुचला तो आमच्या पुतण्याच्या धंद्यावरून. शिरपुरांत २००१ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून अरुणावतीच्या कांठचीं पुष्कळ मुलें संगणकाची विद्या शिकून पुण्या-मुंबईस नोकरीला लागलीं. त्यांपैकींच हा एक. ज्या कंपनींत तो आहे, ती रुग्णालयांतील औषधभांडाराचा हिशेब ठेवणारें सॉफ्टवेअर तयार करते. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां ओसरीवर त्याचा व आमचा वाद झाला. विषय असा कीं, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या काढणें आणि त्यांत काय बदललें याची यादी लिहिणें, हीं कामें माणसानें हातानें करावींत, कीं तीं सर्वस्वीं यंत्राच्या स्वाधीन करावींत?

ज्यांचा या धंद्याशीं संबंध नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघते तेव्हां लेखक प्रस्तावनेंत 'अमुक प्रकरण नवीन घातलें, अमुक चुका दुरुस्त केल्या' असें सांगतो. सॉफ्टवेअरचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं पुस्तकाची आवृत्ति पांच-दहा वर्षांनीं निघते, तर सॉफ्टवेअरची आठवड्याला, कधीं कधीं दिवसांतून अनेकदांही निघते. ही आवृत्ति लोकांच्या हातीं देण्यास 'रिलीज' म्हणतात आणि बदलांच्या यादीस 'चेंजलॉग'. आवृत्तीला बहुधा तीन आंकडे असतात. किरकोळ दुरुस्ती असेल तर शेवटचा आंकडा वाढतो, नवी सोय दिली तर मधला, आणि जुन्या वापरास धक्का बसेल असा बदल असेल तर पहिला. नुसता आंकडा पाहूनच जाणत्यानें सावध व्हावें, अशी ही योजना आहे.

पूर्वीं त्यांच्याकडे रिलीजच्या रात्रीं एक जण तीसएक पायऱ्यांचा कागद समोर ठेवून बसे, एकेक पायरी झाली कीं खूण करी, आणि मग डोळ्यांवर झोप असतांना महिन्याभरांत काय काय बदललें तें आठवून चेंजलॉग लिही. आतां तसें नाहीं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं सुरू केलेली 'गिट' नांवाची एक संगणकीय वही आहे. तींत प्रत्येक बदल नोंदतांना प्रोग्रामर एक ओळ लिहितो आणि ओळीच्या आरंभीं ती दुरुस्ती आहे कीं नवी सोय आहे याची ठराविक खूण घालतो. यंत्र त्या ओळी वाचतें, आवृत्तीचा आंकडा आपणच ठरवतें, चाचण्या घेतें, यादी जुळवतें आणि आवृत्ति रवाना करतें. आतां तर त्या त्रोटक ओळींवरून सुबक परिच्छेद रचून देणारीं लेखनयंत्रेंही आलीं आहेत. "काका, माणूस थकतो, यंत्र थकत नाहीं," हा पुतण्याचा सिद्धान्त.

त्याच्या सिद्धान्तास पुरावा नाहीं असें नव्हे. अमेरिकेंत नाइट कॅपिटल नांवाची शेअरबाजारांतील एक मोठी पेढी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजीं तिचें नवें सॉफ्टवेअर वापरांत यावयाचें होतें. त्याआधीं तें आठ सर्व्हरांवर हातानें चढवावयाचें होतें. चढवणाऱ्यानें सातांवर चढवलें, आठवा राहिला, आणि दुसऱ्या कोणीं तें तपासून पाहावें असा लेखी नियमच पेढींत नव्हता. त्या आठव्या सर्व्हरांत कित्येक वर्षें न वापरलेला जुना प्रोग्राम तसाच पडून होता. बाजार उघडतांच तो जागा झाला आणि खरेदीविक्रीचे आदेश बेफाम सोडूं लागला. सुमारें पाऊण तासांत पेढीस ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला, आणि पुढल्या वर्षीं ती दुसऱ्या कंपनींत विलीन झाली. एकच काम आठ वेळां करावयाचें असलें म्हणजे माणसाच्या हातून तें सात वेळां होतें, हें पुतण्याचें म्हणणें येथें तंतोतंत लागू पडतें.

परंतु त्याच प्रकरणाच्या सरकारी चौकशींत आणखी एक गोष्ट निघाली, ती आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. त्या दिवशीं बाजार उघडण्यापूर्वींच पेढीच्या यंत्रणेनें आंतील लोकांना दोषाचा उल्लेख असलेल्या ९७ ई-मेल आपण होऊन धाडल्या होत्या. त्यांवर कोणीं कांहीं केलें नाहीं, कारण अशा आपोआप येणाऱ्या पत्रांकडे पाहण्याचा तेथें प्रघातच नव्हता. नोंद सत्याण्णव वेळां झाली. खबर एकालाही पोंचली नाहीं.

आतां दुसरी बाजू. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें संगणकांच्या संरक्षणासाठीं असलेल्या आपल्या सॉफ्टवेअरला एक लहानसें अपडेट पाठवलें. तें यंत्रानें तपासलें आणि यंत्रानेंच जगभर पोंचवलें. एका नमुन्यांत २१ रकाने होते आणि प्रत्यक्षांत २० च पुरवले जात होते. ही तफावत तपासणाऱ्या यंत्राच्या नजरेंतून सुटली. सुमारें ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. कंपनीनें ७८ मिनिटांत अपडेट मागें घेतलें, परंतु तोंपर्यंत जे पडले ते पडलेच. त्यांतील पुष्कळांपाशीं माणसानें जाऊन हातानें ती फाइल काढावी लागली. त्या दिवशीं आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना पेनानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्यांचीं छायाचित्रें वाचकांनीं पाहिलीं असतील. येथें कोणी पेंगत नव्हता, कोणी पायरी विसरला नव्हता. यंत्रानें आपलें काम चोख केलें, आणि चूकही तितक्याच चोखपणें सर्वत्र पोंचवली. असे बदल एकदम सर्वांना न देतां टप्प्याटप्प्यानें द्यावेत, हें कंपनीनें त्यानंतर ठरवलें.

एक दाखला हाताविरुद्ध, एक यंत्राविरुद्ध. तेव्हां केवळ 'हात कीं यंत्र' असा प्रश्न घालून निकाल लागत नाहीं. विचारावयाचें तें असें, कीं ज्याला बदल बाधणार त्याला तो आधीं कळला कां, हरकत घेण्यास त्याला सवड मिळाली कां, आणि त्या बदलाखालीं कोणाची सही आहे?

हातानें काढलेल्या शुद्ध आवृत्तीचा आपल्याकडील सर्वांत थोर दाखला म्हणजे नाथांची ज्ञानेश्वरी. पाठभेदांनीं अशुद्ध झालेला ग्रंथ एकनाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध केला आणि शेवटीं आपलें नांव, शक व पुढें कोणीं त्यांत भर घालूं नये अशी ताकीद लिहून ठेवली. परंतु कोणत्या ओवींत पूर्वीं कोणता पाठ होता आणि तो कां बदलला, याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाहीं. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाड्यांनीं, ज्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आमच्या धुळ्यास आहे, १९०९ मध्यें निराळ्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हां अभ्यासकांना ओवी ओवीशीं ताडून पाहावी लागली. नाथांची सही होती, यादी नव्हती. आजच्या यंत्राच्या चेंजलॉगांत यादी असते, सही नसते.

या दोन्ही गोष्टी एकत्र नांदाव्यात अशी एक व्यवस्था आमच्या खान्देशांतील गांवोगांवीं आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. ती म्हणजे फेरफाराची वही. जमिनीच्या हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं झाला. आज चालतो तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. सातबारा ही जमिनीची चालू आवृत्ति मानली, तर गांव नमुना सहा, म्हणजेच फेरफाराची वही, हा तिचा चेंजलॉग होय. तींत चार रकाने असतात. पहिल्यांत अनुक्रमांक, दुसऱ्यांत मिळालेल्या हक्काचें स्वरूप, तिसऱ्यांत कोणत्या जमिनीवर परिणाम झाला तें, आणि चौथ्यांत तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. नोंद घातली म्हणजे ती पक्की झाली असें नाहीं. तिची प्रत चावडीवर लावावयाची, हितसंबंधी माणसांस लेखी कळवावयाचें, हरकतीला पंधरा दिवस द्यावयाचे, आणि अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलावयाचा. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळीं तर प्रमाणित न झालेली नोंद पेन्सिलीनें दाखवीत आणि मंजुरीनंतर शाईनें लिहीत. जुनें नांव खोडून नाहींसें करीत नसत. त्याला कंस करीत, आणि नव्या नांवाशेजारीं फेरफाराचा क्रमांक घालीत. सॉफ्टवेअरवाल्यांना जें शहाणपण अलीकडे सुचलें, तें आमच्या तलाठ्यांच्या अंगवळणीं केव्हांच पडलें होतें.

ही वही आतां संगणकावर गेली आहे. ई-फेरफार ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यांतील शाखेनें तयार केली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. नोटिसा लिहिण्याचे व उतारे उतरण्याचे कष्ट यंत्रानें उचलले, हें उत्तमच झालें. हरकतीचे पंधरा दिवस मात्र कायद्यानें तसेच ठेवले. आमच्या मतें या सुधारणेंतील सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

या व्यवस्थेचें मोल आम्हांस पुस्तकांतून कळलेलें नाहीं. आमच्या आत्यांना लौकर वैधव्य आलें आणि त्या माहेरींच राहिल्या. आजोबांच्या पश्चात् एका गांवच्या जमिनीवर त्यांचें नांव तिघां भावांबरोबर वारस म्हणून लागलें होतें. २०१७ च्या उन्हाळ्यांत राज्यांत संगणकीकृत सातबाऱ्यांचें चावडीवाचन झालें. संगणकांत उतरलेला सातबारा गांवकऱ्यांसमोर मोठ्यानें वाचावयाचा आणि त्यांनीं चुका दाखवावयाच्या, असा तो उपक्रम. आमचे थोरले बंधु मुद्दाम त्या गांवीं गेले होते. वाचतांना तिघां भावांचीं नांवें आलीं, आत्यांचें आलें नाहीं. हस्तलिखितावरून उतरवून घेतांना कोणाच्या तरी हातून ती एक ओळ गळली होती. पण जुन्या उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक होता. वहींत त्या क्रमांकापुढें, दुसऱ्या रकान्यांत, मयताचे वारस म्हणून चौघांचीं नांवें नात्यासकट होतीं, आणि चौथ्यांत सही होती. लेखनांतील चुका दुरुस्त करण्याविषयीं अधिनियमाचें १५५ वें कलम आहे. त्याखालीं अर्ज केला आणि कांहीं महिन्यांनीं आत्यांचें नांव परत लागलें. आत्या एवढेंच म्हणाल्या, "जमीन मला कुठें न्यायची आहे? पण बाबांची मुलगी म्हणून माझें नांव लागलेलें होतें, तें असें मुकाट्यानें जाऊं नये."

या गोष्टीवरूनही आमचा व पुतण्याचा वाद झालाच. तो म्हणाला, "काका, ओळ गळली ती हातानें उतरवतांना. म्हणजे दोष हाताचाच." हें खरें आहे. आम्हीं म्हटलें, ती गळल्याचें कळलें तें माणसांसमोर वाचल्यामुळें, आणि ती परत लागली ती दुसऱ्या रकान्यांत कारण लिहून ठेवल्यामुळें. तेंही खरें आहे.

आतां तर सॉफ्टवेअरची आवृत्ति शेतकऱ्याच्या खिशांतच येऊन बसली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचें ॲप राज्यभर सुरू झालें आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकरी आपल्या फोनवरून स्वतः करूं लागला. पुढल्या वर्षींच्या खरिपांत त्याची सुधारलेली आवृत्ति आली. तींत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय होती. शेतांत कापूस असून नोंद मक्याची झालेल्या शेतकऱ्याला या सोयीचें मोल सांगावयास नको. परंतु ती आहे हें ठाऊक असेल तरच तिचा उपयोग. वर्तमानपत्रांनीं ती बातमी साध्या मराठींत छापली, म्हणून ती पारावर पोंचली. उलट आपल्या फोनांतील बहुतेक ॲपें नव्या आवृत्तीखालीं काय लिहितात तें वाचकांनीं एकदां उघडून पाहावें. 'किरकोळ त्रुटी दूर केल्या व कार्यक्षमता वाढवली,' हें एकच वाक्य महिनोन्महिने आढळेल. त्यांत यादी नाहीं, कारण नाहीं, सही नाहीं. केवळ रिवाज पाळल्याचें समाधान आहे.

पुतण्याच्या कंपनीनें दोन वर्षांपूर्वीं रिलीजबरोबर चेंजलॉगही यंत्राकडे सोंपवला. त्यानंतरच्या एका आवृत्तींत औषधाचा साठा पट्ट्यांऐवजीं गोळ्यांत दाखवावयाचें ठरलें. ज्यानें हा बदल केला त्यानें ओळीच्या आरंभीं 'दुरुस्ती' अशी खूण घातली, म्हणून यंत्रानें शेवटचाच आंकडा वाढवला. यादींत तो बदल प्रामाणिकपणें आला होता; साठ ओळींतील त्रेचाळिसावी ओळ, आणि तीही प्रोग्रामरांच्या सांकेतिक भाषेंत. एका रुग्णालयांत पडद्यावर शंभराचा आंकडा पाहून परिचारिकेस शंभर पट्ट्या आहेत असें वाटलें, होत्या दहा. शनिवारीं रात्रीं औषध संपलें. बाहेरच्या दुकानांतून आणून निभावलें, कोणाच्या जिवावर बेतलें नाहीं. परंतु त्या रात्रीचा फोन आमच्या पुतण्यानेंच घेतला होता. परिचारिकेनें विचारलें, "हें आम्हांला कोणीं सांगितलें होतें?" 'यादींत होतें' हें उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आलें, पण त्याच्यानें बोलवेना.

तेव्हांपासून त्यांच्याकडे कामाची वांटणी झाली आहे. बांधणी, चाचण्या, रवानगी आणि संपूर्ण यादी हें सर्व यंत्राकडे. त्याला कोणी हात लावावयाचा नाहीं. आवृत्ति पहिल्यानें दोन-तीन रुग्णालयांना जाते, आणि तेथें कांहीं अडत नाहीं असें दिसल्यावर बाकीच्यांना. वापरणाऱ्याला धक्का बसेल कीं नाहीं, म्हणजे पहिला आंकडा वाढवावा कीं नाहीं, हें दोन माणसें ठरवतात. आणि यादीच्या वर पांच-सहा ओळी माणूस लिहितो. काय बदललें, कां बदललें, कोणीं काय करावें, एवढेंच. आणि खालीं लिहिणाऱ्याचें नांव. त्या ओळी धंद्याबाहेरच्या कोणाला तरी वाचून दाखवावयाच्या असाही नियम आहे. गेल्या दिवाळींत तसा एक मसुदा त्यानें आमच्या वहिनींना वाचून दाखवला. वहिनी संगणकाला कधीं शिवलेल्या नाहींत, पण ऐकून त्यांनीं विचारलें, "अरे, पण जुन्या पावत्यांचें काय होणार?" तें मसुद्यांत नव्हतें. त्यानें तें लगेच घातलें.

एवढ्यावरून आमचें मत असें झालें आहे. हातानें केलेल्या कामांत कांहीं विशेष पावित्र्य आहे, असा आमचा आग्रह नाहीं. जें काम आठ ठिकाणीं सारखेंच करावयाचें तें यंत्रालाच द्यावें. तेथें माणसाला बसवणें म्हणजे त्याच्या झोपेवर पैज लावणें होय. काय बदललें याची बिनचूक यादीही यंत्रानेंच ठेवावी; ती त्याच्याइतकी निष्ठेनें कोणी ठेवणार नाहीं. परंतु साठ ओळींतील कोणती ओळ परिचारिकेच्या पायांत येईल, हें कळण्यास ती परिचारिका डोळ्यांसमोर उभी करावी लागते. सुबक परिच्छेद लिहिणारें यंत्र वाक्य नीट करील. पण रात्रीं फोन वाजला तर तो घेणार कोण, याचें उत्तर त्या परिच्छेदांत नसतें. खबर देणें म्हणजे त्या फोनासाठीं आपलें नांव पुढें करणें.

पंधरा दिवसांची मुदत सॉफ्टवेअरच्या जगांत परवडणार नाहीं, असें पुतण्या म्हणतो. चोरांपासून संरक्षण करणाऱ्या दुरुस्त्या तर तासाभरांत द्याव्या लागतात. तें आम्हांस मान्य आहे. पंधरा दिवस नसोत, पंधरा तास असोत, आणि निकड असेल तेथें तेही नसोत. मग मागाहून कां होईना, स्पष्ट शब्दांत आणि नांवानिशीं सांगावें. आज आपल्या घराघरांतून मुलगे, मुली व सुना या धंद्यांत आहेत. त्या सुट्टीवर घरीं आल्या म्हणजे पगार आणि परदेशवारी यांच्या चौकशीबरोबर वडील माणसांनीं त्यांना एवढें अवश्य विचारावें, कीं तुम्ही जो बदल करतां तो ज्याला बाधतो त्याला त्याच्या भाषेंत कोण सांगतें? त्या माणसाचें नांव त्यांना चटकन् सांगतां आलें, तर त्यांचें यंत्र चांगल्या हातांत आहे असें खुशाल समजावें.